ईश्वराविना नीती : आगरकर आणि आंबेडकर यांच्या भूमिकांची चिकित्सा

प्रास्ताविक

ईश्वरावर श्रद्धा नसेल तर मनुष्याने नीतीने का वागावे, हा प्रश्न मराठी विचारविश्वाला नवा नाही. त्याचे उत्तर देताना बहुधा गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांच्या चारित्र्याचा दाखला दिला जातो. ईश्वराचे अस्तित्व गृहीत न धरता त्यांनी निःस्पृह जीवन जगले. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते ढळले नाहीत. म्हणून ईश्वराविना नीती शक्य आहे, असा हा युक्तिवाद आहे. तो आदरणीय असला तरी अपुरा आहे. एका व्यक्तीच्या सदाचरणावरून निरीश्वर मनुष्य नीतिमान असू शकतो, एवढेच सिद्ध होते. ती नीती इतरांवर बंधनकारक का ठरावी, हे सिद्ध होत नाही. श्रद्धावान सज्जनांची उदाहरणे प्रतिपक्षही देऊ शकतो. म्हणून चारित्र्याकडून विचाराकडे वळणे आवश्यक आहे.

आगरकर : बुद्धी हा निकष

१८८८ मध्ये 'सुधारक' पत्र सुरू करणाऱ्या आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा प्रभाव होता. देवांच्या कल्पना मानवी मनात कशा उत्पन्न झाल्या, याचा शोध त्यांनी 'देवतोत्पत्ति' या निबंधात घेतला. मात्र त्यांच्या नीतिविचाराचे स्वरूप खऱ्या अर्थाने स्पष्ट होते ते सामाजिक प्रश्नांवरील लेखनात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. त्या वादात न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी शास्त्राधारांचाही आश्रय घेतला. आगरकरांची भूमिका निराळी होती. रूढीमुळे मुलीच्या वाट्याला येणारे दुःख हेच तिच्या त्याज्यतेचे पुरेसे कारण आहे. शास्त्राची अनुमती असली वा नसली तरी त्याने निर्णय बदलत नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

या भूमिकेचे बळ निर्विवाद आहे. परंतु तिच्यात एक उणीव राहते. ज्याचे सुख त्या रूढीवरच उभे आहे, त्याने ते का सोडावे? शिक्षणाने बुद्धी जागृत होईल आणि मनुष्य विवेकाने वागू लागेल, हा आगरकरांचा विश्वास होता. प्रत्यक्षात त्या कायद्याला विरोध करणाऱ्यांत इंग्रजी शिकलेले पदवीधरही होते. बुद्धी योग्य काय ते दाखविते. तसे वागण्याची बांधिलकी ती आपोआप निर्माण करीत नाही.

आंबेडकर : पवित्र आणि सार्वत्रिक नीती

ही उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी हेरली, असे त्यांच्या १९५७ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथावरून म्हणता येते. ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते धर्म आणि धम्म यांतील भेद स्पष्ट करतात. रूढ धर्मात ईश्वर, आत्मा, प्रार्थना व विधी हे केंद्रस्थानी असतात आणि नीती त्यांना बाहेरून जोडलेली असते. धम्मात ईश्वराला स्थान नाही. त्याच्या जागी नीतीच आहे. तिचा उगम ईश्वराच्या आज्ञेत नसून, मनुष्याने मनुष्यावर प्रेम करण्याच्या गरजेत आहे.

परंतु आंबेडकर येथेच थांबत नाहीत. केवळ नीती पुरेशी नाही, हे त्यांचे प्रतिपादन विशेष महत्त्वाचे आहे. चोरांच्या टोळीतही परस्परांशी प्रामाणिक राहण्याचे नियम असतात, तसेच जातीतही असतात. मात्र ते नियम गटाच्या हितापुरतेच असतात आणि बाहेरच्याला त्यांचे संरक्षण मिळत नाही. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे. 'निरीश्वर नीती शक्य आहे काय' या प्रश्नाचे रूपच येथे बदलते. कोणत्या नीतीच्या कक्षेत परका मनुष्यही येतो, हा खरा प्रश्न ठरतो. ईश्वरश्रद्ध समाजानेही अस्पृश्यता शतकानुशतके पाळली. तेव्हा केवळ श्रद्धा ही त्या कक्षेची हमी देत नाही, हे उघड आहे.

एक आक्षेप

'पावित्र्य' ही कल्पना स्वीकारल्यास ईश्वर मागच्या दाराने परत येतो, असा आक्षेप संभवतो. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. आंबेडकरांचा बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. आपल्या वचनांना तो प्रमादातीत मानत नाही. पावित्र्याचा येथे अर्थ, दुर्बलाचे रक्षण करणारा नियम बलवानाने आपल्या सोयीसाठी मोडू नये, इतकाच घेणे युक्त ठरेल. मात्र पवित्र मानलेल्या गोष्टीची चिकित्सा पुढे थांबते, हा इतिहासाचा अनुभव नाकारता येत नाही. पावित्र्याचे कर्मकांडात रूपांतर होऊ नये, यासाठी आगरकरांचा बुद्धिनिकष सतत जागा ठेवावा लागेल.

निष्कर्ष

ईश्वराविना नीती शक्य आहे. पण ईश्वर वजा केल्याने ती आपोआप सिद्ध होत नाही. आगरकरांकडे तिची कसोटी आहे, तर आंबेडकरांकडे तिचे बंधन. कसोटीविना बंधन अंध होते आणि बंधनाविना कसोटी निष्फळ ठरते. मूल्यशिक्षणाचा विचार करणाऱ्या अध्यापकवर्गाने विद्यार्थी ईश्वर मानतो की नाही, हे विचारण्यापेक्षा ज्याच्याशी त्याचे जातीचे, धर्माचे वा लाभाचे नाते नाही, अशा मनुष्याशी तो कसा वागतो, हे पाहणे अधिक उचित होईल.