पिठाची विरी

नवरात्र संपता संपता आमच्या गोवंडीत स्टेशनाजवळच्या कुरिअरच्या दुकानापुढे डब्यांची रांग लागते. चकल्या, करंज्या, अनारसे. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची सून म्युनिकला. त्या रांगेत उभे राहिले की आपल्या वाङ्मयातला एक लाडका आणि बराचसा झिजलेला प्रसंग मला आठवतो. मराठी माणूस परदेशी जातो, चार दिवस पाव-लोणी खातो, पाचव्या दिवशी त्याला पिठले-भाकरी आठवते आणि लेखकाचे पान भरते. ह्या प्रसंगाची जरा झडती घ्यावी असा विचार आहे. झडतीत मीही सापडणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' 1960 साली पुस्तकरूपाने आली. ती वाचून हसला नाही असा माणूस मराठी घरात मिळणे कठीण. पण त्या हसण्याच्या मुळाशी काय आहे? लेखक शिक्षणक्रमासाठी गेलेला आहे, पत्नी सोबत आहे, परतीचा दिवस ठरलेला आहे. अशा माणसाची जेवणाची आठवण ही जिभेची आठवण असते. तिला भीतीची धार नसते. म्हणून ती विनोदाला इतकी छान मानवते. ह्यात दोष पु. लं.चा मुळीच नव्हे. दोष त्यांच्यामागून आलेल्या आम्हा मंडळींचा. आम्ही त्यांचे हसू उचलले, नजर काही उचलता आली नाही. मग प्रत्येक प्रवासवर्णनात पिठल्याचे एक प्रकरण हटकून येऊ लागले, गणपतीत आरती यावी तसे.

त्याच्या पाऊणशे वर्षे आधीचे एक पान पाहा. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे भरसभेत सांगून निघालेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी शाकाहार सोडला नाही. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ह्या बाईच्या ताटात काय होते, हा हौसेचा प्रश्न नव्हता. तो दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 ची. तिने ही बाई घराघरांत पोचवली. आणि काळाची थट्टा अशी की, पत्नीच्या मागे तीनच वर्षांनी, 1890 साली, ह्याच गोपाळरावांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींना नेले, तिथे चहा-बिस्किटे झाली, आणि मग हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून दिली! केवढे ग्रामण्य माजले. एवढ्या रामायणावर आपल्याकडे अजून एक भरघोस कादंबरी का नसावी, हे मला उमगत नाही.

असो. मला सांगायचे आहे ते वेगळेच. आपल्या लेखकांनी परदेश म्हटला की विमान किंवा बोट धरली. गोवंडी कुणी धरली नाही. माझी आई बार्शीकडची. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिच्या लेखी हा परदेशच होता. तिचे रडगाणे कशाचे, तर पिठाचे. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. आधणाचे पाणी घालून, मळून मळूनच तिला एकजीव करावी लागते. त्यातून पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, आणि थापताना भाकरी कडेने फाटते. दळून महिना झालेले पीठ गावाहून येई आणि आई परातीपुढे बसून म्हणे, "विरी गेली बघ याची." लहानपणी मला वाटे, विरी हे कुणा माणसाचे नाव आहे. भाकरी परक्या मुलखात का पोचत नाही, ह्याचे उत्तर एवढ्या एका शब्दात आहे. सोलापूरकडच्या बायकांनी त्यावरही तोड काढली. कडक वाळवलेली भाकरी आणि शेंगांची चटणी, महिनोन्महिने टिकणारी. पण आई ती प्रवासाची भाकरी घरात खाईना. ती खाल्ली म्हणजे आपण अजून वाटेवरच आहोत असे तिला होई.

पलीकडे घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णा भाऊ साठे 1961 साली रशियाला गेले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. प्रवासवर्णन म्हणून आपण तेवढेच मोजतो. पण पोरवयात बापाबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत ते पायी आले होते. त्यांचा पहिला परदेश कोणता?

आता माझी झडती. माझ्या एका कादंबरीत नायक दुबईला जातो, खुबूस खाऊन कंटाळतो, आणि कुणीतरी पुढे केलेली भाकरी पाहून ढसाढसा रडतो. ते पान लिहिताना मला मोठे भरून आले होते. माझा एक जुना विद्यार्थी आखातात सुतारकाम करतो; सुटीवर आला तेव्हा त्याने पुस्तक वाचले आणि म्हणाला, "सर, रागावू नका, पण हे तुमच्या आईचं रडणं आहे. भाकरी घरी कधी मी खाल्लीच नाही. मला आठवायचा तो आपल्या गल्लीतला पाव. पहाटेचा, भट्टीतून निघालेला, चहात बुडवून."

मी गप्प बसलो. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगिजांचा. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावे बाटवली अशी आख्यायिका वसईकडे अजून सांगतात. गोव्यात पोदेर सायकलीवरून उंडे आणि पोई घरोघर पोचवतो. मुंबईत येऊन त्याच पावाची लादी झाली. ज्याने जात जाते म्हणून आजोबा त्याकडे पाहत नसत, तो नातवाचा मायदेश झाला आहे, आणि मी मास्तर मात्र त्याच्या तोंडी माझी भाकरी कोंबीत होतो.

ती भट्टी लाकडावरची. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितले. ते योग्यच झाले; खोकणारी पोरे मी रोज वर्गात पाहतो. पण पुढच्या सुटीत तो पोरगा पाव तोंडात घालून काय म्हणेल, ह्याची मला धास्ती आहे.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान बदलावे, असे मी घरी बोललो. आई परातीवरून म्हणाली, "बदल की. पण त्या बाईला पीठ कुठून मिळालं, ते आधी लिही."