पाहणं आणि पाळत

दोन वर्षांपूर्वी आई गावच्या घरात पाय घसरून पडली. तेव्हा मी माजघरात कॅमेरा बसवून घेतला. ती हिंडतीफिरती आहे ना, हे पुण्यात ऑफिसात बसून दिवसातून आठ-दहा वेळा मोबाइलवर पाहू लागलो. फोन मात्र आठवड्यातून एकदाच. एका रविवारी ती म्हणाली, ‘सारखा बघतोस म्हणे. मग बोलत का नाहीस?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच सुमारास ‘द मिचेल्स व्हर्सेस द मशीन्स’ हा अ‍ॅनिमेशनपट मी दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी निसटलेलं काहीतरी हाती लागलं.

माइक रिआंडा यांचं दिग्दर्शन आणि जेफ रो यांचं सहदिग्दर्शन असलेला हा चित्रपट सोनी पिक्चर्स अ‍ॅनिमेशनने चित्रपटगृहांसाठी बनवला होता. करोनाच्या साथीमुळे तो २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. केटी मिचेल ही चित्रपटवेडी मुलगी शिकायला कॅलिफोर्नियाला निघाली आहे. तिचे वडील रिक हे स्क्रू-ड्रायव्हरवर विश्वास ठेवणारे गृहस्थ. निघण्याच्या आदल्या रात्री दोघांचं भांडण होतं आणि त्यात तिचा लॅपटॉप मोडतो. भरपाई म्हणून रिक तिचं विमानाचं तिकीट रद्द करतात आणि सगळ्या कुटुंबाला मोटारीत कोंबून निघतात. वाटेतच यंत्रमानव बंड करतात आणि जगभरची माणसं पकडली जातात. मोकळे उरतात ते हे मिचेल.

‘मोबाइल बाजूला ठेवा, घरच्यांशी बोला’ असं या चित्रपटाचं तात्पर्य सर्रास सांगितलं जातं. जेवणाच्या टेबलावर रिक हेच सांगत असतात. पण चित्रपट रिकच्या बाजूने उभा राहत नाही. कथेच्या तीन मोक्याच्या वळणांवर पडद्यात आणखी एक पडदा येतो. त्या तीन चित्रणांकडे एकत्र पाहिलं, तर वेगळंच म्हणणं दिसतं.

पहिलं चित्रण पाळतीचं. वडिलांवर आपला विश्वास बसल्याचं केटी दाखवते, पण ते नाटक असल्याची कबुली ती धाकट्या भावाजवळ, आरनजवळ देते. बंडाची सूत्रधार ‘पाल’ ते संभाषण रिकला दाखवते आणि ऐन मोक्याला बाप-लेकीत फूट पडते. चित्रणात खोटं काहीच नाही. केटी तसं बोललीच होती. ती असं का बोलली, एवढंच त्यात नाही.

दुसरं चित्रण रिकनेच जुन्या काळी केलेलं. केटीला ते आपल्या कॅमेऱ्यात सापडतं. डोंगरातल्या लाकडी घरात राहण्याचं आयुष्यभराचं स्वप्न वडिलांनी आपल्याला वाढवण्यासाठी सोडलं, हे तिला तेव्हा कळतं. तिसरं म्हणजे केटीची फिल्म. तिच्या थट्टामस्करीत रिकना स्वतःचं आणि लेकीचं नातं दिसतं. आजवर त्यांनी तिची एकही फिल्म धडपणे पाहिलेली नव्हती.

म्हणजे तोडलं तेही कॅमेऱ्याने आणि जोडलं तेही कॅमेऱ्यानेच. फरक यंत्रात नाही. पहिल्या चित्रणात समोरच्याला पकडायचं होतं, उरलेल्या दोहोंत काही जपायचं होतं. चित्रपटाची शैलीही हेच सांगते. चौकटीभर उमटणारी रेखाटनं आणि खुणा केटीच्या हातच्या वाटतात. जग आपल्याला तिच्या नजरेतून दिसतं, आणि ती नजर घडली आहे यंत्रांच्याच सहवासात.

माझी तक्रार आहे ती पालबाबत. ती मोबाइलमधली मदतनीस. तिच्या निर्मात्याने नवा यंत्रमानव आणला आणि भर कार्यक्रमात तिला कालबाह्य ठरवलं. ‘सगळं केलं आणि आता मी नकोशी’ हे तिचं दुःख लेक घर सोडताना रिकना जे वाटतं, त्याच्या अगदी शेजारचं आहे. पटकथेला हे साम्य ठाऊक आहे. तरीही रिकना समजून घेतलं जातं आणि पालला शेवटी पाण्याचा ग्लास मिळतो. त्यात पडून ती संपते. रिक बदलू शकतात हे पाहून दोन बिघडलेले यंत्रमानवही माणसांच्या बाजूला येतात. मग पालचं कोणी का ऐकून घेऊ नये? विनोदाच्या वेगात हा प्रश्न मागे पडतो. टाकून दिलं जाण्याची भीती हा या कथेचा गाभा असताना ही उणीव लहान म्हणता येत नाही.

अखेरच्या श्रेयनामावलीत खऱ्याखुऱ्या कुटुंबांचे फोटो येतात. त्यांतला एकही पाळतीच्या कॅमेऱ्याने टिपलेला वाटत नाही. कोणीतरी कोणाला तरी ‘इकडे बघ’ म्हटल्याशिवाय असे फोटो निघत नाहीत.

गावचा कॅमेरा मी काढलेला नाही. आईचं वय पाहता तेवढं धाडस होत नाही. पण आता तो उघडला की पाठोपाठ फोनही लावतो. परवा ती लाडू वळत होती. फोन उचलून म्हणाली, ‘दिसतंय ना तुला? मग विचारतोस कशाला?’ आणि पुढची वीस मिनिटं बोलत राहिली.