‘द मशीन स्टॉप्स’ : भूमिगत नगरीचा ऱ्हास आणि उसने ज्ञान

ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ही कादंबरी सर सय्यद अहमद खान यांचे नातू रॉस मसूद यांना अर्पण केली. त्यांचीच ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) ही दीर्घकथा शिक्षकांनी आवर्जून वाचावी अशी आहे.

या कथेतील माणसे जमिनीखाली षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. त्यांच्या सर्व गरजा यंत्र भागवते. नायिका वाष्टी खोली न सोडता व्याख्याने देते. मुलगा कुनो मात्र प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरतो. पुढे संगीतात खरखर येते, फळे बुरसतात, पाण्याला दुर्गंधी सुटते. लोक आधी तक्रार करतात, मग सवय करून घेतात. संपूर्ण यंत्र जाणणारा कोणीही उरलेला नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत या कथेकडे दूरसंवादाचे भाकीत म्हणून पाहिले गेले. हा अर्थ अपुरा आहे. कथेतील एक व्याख्याता प्रत्यक्ष अनुभवातून आलेले विचार टाळावेत, विचार अनेक हातांतून गाळून घ्यावेत, असे बजावतो आणि श्रोते त्याची वाहवा करतात. नगरीचा ऱ्हास येथूनच सुरू होतो. यंत्र नंतर बंद पडते.

पात्रचित्रण काहीसे सपाट असले, तरी हा इशारा बेळगाव-निपाणी परिसरालाही लागू पडतो. निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. विद्यार्थ्याने त्यांना न भेटता मार्गदर्शिकेतून उत्तर उतरवले आणि शिक्षकाने त्यास गुण दिले, तर वाष्टीची खोली दूर नाही.