साचा कोणाचा, मजकूर कोणाचा?

ग्नू प्रकल्पाच्या ‘बायसन’ला संगणकभाषेचे व्याकरण दिले की ती भाषा वाचणारा प्रोग्राम तो लिहून देतो. मात्र त्यात बायसनचाच मोठा तुकडा जसाच्या तसा उतरतो. म्हणून १.२४ आवृत्तीपूर्वी व्याकरण तुमचे असले तरी तयार प्रोग्राम मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येई. याच प्रकल्पाच्या सी कंपायलरला अशी अट कधीच नव्हती! हे धोरण नव्हते, नेहमीचा परवाना सरसकट लागू झाला, अशी प्रांजळ कबुली पुस्तिका देते. अट काढल्याचे कारण मात्र अपुरे वाटते: तिच्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर फारसे वाढत नव्हते, एवढेच. व्याकरण लिहिणाऱ्याचा हक्क किती, या प्रश्नाला पुस्तिका हात घालत नाही. तरी तयार फाइलच्या माथ्यावर सवलत छापलेली असते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या प्रोग्रामात कोणाचा तुकडा आला, हे दिसतही नाही.