केन्स यांचं पुस्तक: तहाचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसं

युद्धं सुरू कशी होतात यावर आपण भरपूर बोलतो. ती संपतात कशी, याकडे मात्र फारसं बघत नाही. म्हणून आज एका पुस्तकाविषयी बोलायचं आहे. जॉन मेनार्ड केन्स यांचं ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’. हे डिसेंबर 1919 मध्ये आलं. व्हर्सायच्या तहावर 28 जूनला सह्या झाल्या होत्या, म्हणजे तेव्हा सहा महिनेही उलटले नव्हते. केन्स ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसच्या परिषदेत होते. तहाच्या अटी बघून त्यांनी जूनमध्येच राजीनामा दिला आणि हे पुस्तक लिहायला घेतलं.

त्यांचा मुद्दा सरळ आहे. नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनीने शस्त्रं खाली ठेवली ती विल्सन यांच्या 14 कलमांच्या भरवशावर. म्हणजे तो शब्द होता, आणि शब्द पाळायचा असतो. भरपाई नागरिकांच्या नुकसानीची घ्यायची ठरली होती. परिषदेत सैनिकांच्या पेन्शनचा खर्चही ‘नागरिकांचं नुकसान’ म्हणून त्यात घातला गेला. केन्स यांच्या हिशेबाने त्यामुळे रक्कम दुपटीहून जास्त फुगली. जर्मनी 200 कोटी पौंडांहून अधिक देऊ शकत नाही, आणि जर्मनी बुडाला तर युरोपही बुडेल, असं ते सांगतात.

या पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. बाकीचे लोक नकाशावरच्या रेषा बघत होते, तेव्हा या माणसाने कोळसा, जहाजं, रेल्वेची इंजिनं मोजली. तह म्हणजे उद्या सकाळी कोणाच्या घरात चूल पेटणार याचा निर्णय, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती व्यक्तिचित्रं. विल्सन म्हणजे मंदगती धर्मोपदेशक, क्लेमांसो म्हणजे फ्रान्सपलीकडे काही न दिसणारा म्हातारा. वाचायला मजा येते, खोटं कशाला बोला! पण त्यात एक लबाडी आहे. उत्तर फ्रान्समधल्या खाणी जर्मन सैन्याने माघार घेताना पाण्याने भरून टाकल्या होत्या. त्या गावांतल्या माणसाचा राग हा निव्वळ हट्ट नव्हता. क्लेमांसो त्या रागाचे प्रतिनिधी होते.

आता आकड्याकडे येऊ. 1921 मध्ये भरपाई ठरली 132 अब्ज सुवर्ण मार्क. पण रोखे तीन गटांत होते, आणि तिसऱ्या गटातले 82 अब्ज कधी वसूल करायचे याची तारीखच नव्हती. खरी मागणी 50 अब्जांची. केन्स यांचे 200 कोटी पौंड म्हणजे साधारण 40 अब्ज मार्क. बघा, फरक किती थोडा! मोठा आकडा होता तो मतदारांना दाखवायला. गंमत अशी की, तोच आकडा जर्मनीतल्या कडव्या राष्ट्रवाद्यांनाही हवा होता, लोकांना चेतवायला.

एतिएन मांतू या तरुण फ्रेंच अर्थतज्ज्ञाने केन्स यांना उत्तर देणारं पुस्तक लिहिलं. त्याचा आरोप असा की, ‘तह अन्यायाचा होता’ ही भावना केन्स यांनी पसरवली आणि पुढे हिटलरला रोखायची वेळ आली तेव्हा विजेत्यांचे हात त्या अपराधभावनेने बांधले गेले. मांतू एप्रिल 1945 मध्ये युद्धातच मारला गेला. पुस्तक नंतर आलं. मला हा आरोप अर्धाच पटतो. 1919 आणि 1933 च्या मध्ये 1929 ची महामंदी आहे, ती एका पुस्तकाच्या माथी मारता येत नाही. पण त्याचा एक बाण वर्मी लागतो. ‘देता येत नाही’ आणि ‘द्यायचं नाही’ यांत फरक असतो. पुढे शस्त्रांसाठी जर्मनीकडे पैसा निघालाच की.

माझी स्वतःची तक्रार मात्र वेगळी आहे. केन्स यांची नोकरी सुरू झाली ती लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये. हिंदुस्थानच्या चलनावर त्यांनी 1913 मध्ये पुस्तक लिहिलं होतं. या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली. तरी या पुस्तकात वसाहती येतात त्या जर्मनीची गेलेली मालमत्ता म्हणून. हिंदुस्थान येतो तो मुक्त व्यापाराच्या एका संभाव्य संघाचा सभासद म्हणून. तिथल्या लोकांना काय हवं, हा प्रश्नच नाही. त्याच 1919 मध्ये लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. काँग्रेसने त्यांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं होतं, पण पॅरिसला जाऊ दिलं गेलं नाही. त्यांनी क्लेमांसोंना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. तहावर हिंदुस्थानच्या नावाने सह्या केल्या माँटेग्यू आणि बिकानेरच्या महाराजांनी.

म्हणजे 14 कलमांचा शब्द मोडला म्हणून केन्स चिडतात ते जर्मनीच्या वतीने. तोच शब्द ऐकून आशेने बसलेले बाकीचे लोक त्यांच्या वहीत नाहीत.

मग वाचावं का हे पुस्तक? जरूर वाचावं. तह कसा तपासायचा हे ते शिकवतं. फक्त वाचताना दोन प्रश्न जवळ ठेवा: आकडा कोणाला दाखवण्यासाठी आहे, आणि टेबलाभोवती कोणाला खुर्चीच दिलेली नाही? आजही कुठल्या वाटाघाटीची बातमी आली की हे दोन प्रश्न विचारून बघा.