टोपी, खंजीर आणि मुखवटा : ब्रुटसच्या रौप्य नाण्याची चिकित्सा

रोमन नाण्यांचे अंकन हे सत्तेच्या प्रचाराचे साधन मानले जाते. या दृष्टीने इ.स.पू. 42 च्या सुमारास मार्कस ज्युनियस ब्रुटसने पाडलेले डेनारियस हे रौप्य नाणे अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याच्या मागील बाजूस दोन खंजीर, मध्ये पिलियस ही टोपी व खाली ‘एइड मार’ हा मुद्रालेख आहे. गुलाम दास्यमुक्त झाला की ही टोपी धारण करी, मुद्रालेख इ.स.पू. 44 मधील सीझरवधाचा दिवस, 15 मार्च, सूचित करतो. खंजिरांनी रोमला मुक्त केले, हा त्याचा सरळ अर्थ होय. परंतु हा अर्थ संपूर्ण नाण्याचा आहे काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

डेनारियस इ.स.पू. 211 च्या सुमारास प्रचारात आले, तेव्हा त्यावर शिरस्त्राणधारी रोमा देवता व अश्वारूढ डायोस्क्युरी बंधू होते. पुढे टाकसाळ अधिकारी आपल्या पूर्वजांचे अंकन करू लागले. इ.स.पू. 54 मध्ये या पदावर असताना ब्रुटसने एका बाजूस लिबर्टास ही स्वातंत्र्यदेवता व दुसऱ्या बाजूस राजसत्ता उलथविणारा पूर्वज ल्युसियस ब्रुटस दाखविला. रोमच्या टाकसाळीत जिवंत रोमन व्यक्तीचे मुख न कोरण्याचा हा संकेत इ.स.पू. 44 मध्ये सीझरच्या नाण्यांनी मोडला.

ब्रुटसच्या उपरोक्त नाण्याच्या दर्शनी बाजूस मात्र स्वतः ब्रुटसचेच मुख आहे. जेथे पूर्वी लिबर्टास होती, तेथे आता सेनापती आहे. इतिहासकार कॅशियस डिओने टोपी व खंजिरांसोबत या प्रतिमेचीही नोंद केली आहे. सैनिकांचे वेतन देणाऱ्याची ओळख पटणे आवश्यक होते, अँटनी व ऑक्टेव्हियनही तेच करीत होते, असे समर्थन यावर करता येईल. तथापि ब्रुटसचा सहकारी कॅशियस यानेही त्याच युद्धासाठी नाणी पाडली. त्यांवर लिबर्टास आहे, कॅशियसचे मुख नाही. म्हणजेच पर्याय उपलब्ध होता.

सारांश, हे नाणे एका बाजूने एकाधिकारशाहीचा निषेध करते व दुसऱ्या बाजूने तिचीच चित्रभाषा स्वीकारते. इ.स.पू. 42 मध्येच फिलिपी येथे ब्रुटसचा पराभव व अंत झाला. सत्ताधीशाचे मुख मात्र रोमन नाण्यांवर कायम राहिले. वर्गात हे नाणे केवळ खंजिरांच्या बाजूने दाखविल्यास आपण ब्रुटसचा प्रचारच शिकवितो. इतिहास शिकविण्यासाठी ते उलटून पाहावे लागते.