सभागृहातले महानोर

ना. धों. महानोरांवर लिहिताना आपले समीक्षक 'रानातल्या कविता' (१९६७), 'जैत रे जैत'ची गाणी आणि 'पानझड' यांवर भरभरून लिहितात. त्यांची आमदारकी मात्र परिचयाच्या एका ओळीत आटोपते : १९७८ आणि १९९० साली विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले, तरी ही वाटणी तशीच आहे.

मला ती मान्य नाही. कॉलेज सोडून अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात शेतीला लागलेला हा माणूस सभागृहात गेला साहित्यिक म्हणून, आणि बोलला शेतकरी म्हणून. 'विधिमंडळातून', 'शेतीसाठी पाणी', 'कापूस खोडवा' ही त्यांची पुस्तके कवितासंग्रहांशेजारी ठेवून वाचावीत. पहिल्या कवितांत पाऊस येतो तो शृंगार घेऊन. गद्यात त्याच पावसाचे पाणी अडवायचे कसे, याची विवंचना आहे. दुसरी मुदत संपल्यावर, १९९७ साली 'पानझड' आला. त्यात शिवार उजाड झाले आहे आणि गाण्याची लय अडखळते. पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या बदलाला वय कारण असेल, दुष्काळही. पण बारा वर्षे सभागृहात पाण्याचा हिशेब मांडल्याचा त्यात काहीच वाटा नसेल, हे पटत नाही.

उणेही आहे. सत्ताधाऱ्यांशी, विशेषतः शरद पवारांशी, त्यांचा स्नेह जुना. त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिले. कृतज्ञता हा माणसाचा गुण खरा. पण शेतीची दैना सांगणारा हा आवाज जबाबदार कोण, या प्रश्नाशी येऊन मवाळ होतो. कवितेत त्यांनी एवढा संकोच कधी केला नाही.

बेळगावकरांना हा विषय परका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले होते. महानोर आणि कंबार, दोघांचीही मुळे लोकगीतांत. दोघांना एकत्र वाचण्याची सोय दुभाषी वाचकालाच आहे, आणि आपण ती वापरत नाही.

घटनेच्या १७१ व्या कलमात या जागांसाठी साहित्याचा उल्लेख स्पष्ट आहे. महाराष्ट्रात अशा बारा जागा. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेली नावे राज्यपालांकडे पडून राहिली आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या, त्यांत साहित्यिक म्हणून ओळखले जाणारे एकही नाव मला दिसले नाही.